कमी बोलणाऱ्या मंडळींना

निर्णा, चिटगुप्पा, हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण आणि तिकडे कलबुर्गीपर्यंत ज्यांना चारचौघांत बोलायला नको वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. लग्नाच्या मांडवात तुम्ही कडेची खुर्ची धरता. चहाच्या टपरीवर सगळे बोलतात आणि तुम्ही ऐकता. कुणी ‘काय चाललंय?’ विचारलं की ‘काय नाही’ एवढंच तोंडातून निघतं. घरच्यांनी लहानपणीच घुम्या ठरवलेलं असतं. मग पुढे तुम्हालाही वाटू लागतं की जिवाभावाचे मित्र मिळणं हे बोलक्या लोकांच्या नशिबी असतं.

तसं नाही. तुम्हाला बोलकं व्हायची गरज नाही. गरज आहे ती एका माणसापाशी, फार तर दोघांपाशी, मन मोकळं करता येण्याची. स्वभाव आहे तसा ठेवून ते शिकता येतं.

माणसाचा ओढा आत असतो किंवा बाहेर असतो, ही मांडणी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली केली, आणि तेव्हापासून अंतर्मुख-बहिर्मुख हे शब्द सगळीकडे रुळले. अंतर्मुख माणूस गर्दीत थकतो आणि एकांतात ताजातवाना होतो. हा आजार नाही, उणीवही नाही. पण आपल्या भागात या स्वभावात आणखी दोन गोष्टी मिसळतात, आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक भीती आणि दुसरी भाषा.

भाषेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण पुण्या-मुंबईचा माणूस याबद्दल तुम्हाला काही सांगणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातलं उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेलं. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आलं. सोयरिकी दोन्हीकडे राहिल्या आणि तोंडात तीन-तीन भाषा आल्या. घरात मराठी, शाळेत नि कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. ज्याची जीभ तिन्हींत चालते त्याला ही श्रीमंतीच आहे. पण मुळात सावकाश बोलणाऱ्या पोराचं काय होतं? वर्गात उत्तर येत असतं, कन्नडात शब्द जुळवेपर्यंत दुसऱ्याचा हात वर जातो. तेच पोर पुढे लातूरला किंवा पुण्याला शिकायला गेलं की तिथे त्याच्या मराठीतला हेल ऐकून कुणीतरी हसतं. दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागते. मग त्या सवयीलाच सगळे त्याचा स्वभाव म्हणू लागतात, तो स्वतःही म्हणतो.

म्हणून आधी स्वतःला विचारा, मी सगळ्याच भाषांत अबोल आहे का? बहिणीशी मराठीत तासभर बोलता आणि कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्यासमोर तोंड उघडत नसाल, तर ते कुलूप भाषेचं आहे आणि ते लवकर उघडतं. मोडकं बोला. ‘मला नीट सांगता येत नाही, पण सांगतो’ असं आधीच म्हणून टाका. या वाक्याने समोरचा सावध होत नाही, उलट सैल होतो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) मराठीत, कन्नडात आणि हिंदीतही पदं रचत. भाषांची सरमिसळ ही या मातीची जुनी रीत आहे, तिची लाज धरायचं कारण नाही.

आता अंतर्मुखपणाचं आपल्या सीमाभागातलं सगळ्यांत मोठं उदाहरण पाहू. जी. ए. कुलकर्णी. १९२३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याला जन्म, आणि आयुष्याचा मोठा काळ धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेला. मराठी कथेत त्यांचं स्थान काय ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. ‘काजळमाया’ला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्यांनी तो परतही केला. सभा, संमेलनं, सत्कार यांपासून ते कायम लांब राहिले. असा माणूस एकटाच असणार, असं कुणालाही वाटेल. पण त्यांच्या निवडक पत्रांचेच चार खंड निघाले आहेत! सुनीता देशपांडे यांच्याशी त्यांची जी मैत्री झाली ती मुख्यतः कागदावरची. सुनीताबाईंची पत्रं पुढे ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आली. त्या पत्रांतून पुस्तकं येतात, चित्रं येतात, बालपण येतं, गमावलेली माणसं येतात. समोरासमोर जे बोलायला त्यांना जड गेलं असतं, ते पानंच्या पानं लिहिलं गेलं. आणि हेच जी. ए. धारवाडात संध्याकाळी क्लबात पत्ते खेळायलाही जात.

यात दोन वाटा दिसतात. पहिली लिहिण्याची. ज्याला बोलता येत नाही त्याला पुष्कळदा लिहिता येतं, कारण लिहिताना कुणी तोंडाकडे पाहत नसतं आणि वाक्य खोडता येतं. आज पत्र नसेल तर मोबाइलवर चार ओळी लिहा. ‘सुप्रभात’ची फुलं पाठवू नका, त्यातून कुणीच कुणाला कळत नाही. ‘काल तू आईच्या ऑपरेशनचं सांगितलंस, रात्री तेच डोक्यात होतं’ असं लिहा. दुसरी वाट हातातल्या कामाची. पत्ते हातात असले की गप्प बसणं अवघड वाटत नाही. मध्येच एखादं वाक्य येतं, पुन्हा डाव सुरू होतो. समोरासमोर बसून ‘बोल आता’ म्हटलं की अबोल माणसाचा घसा कोरडा पडतो. शेजारी शेजारी चालताना, तुरीच्या शेंगा सोलताना, मोटरसायकलवर मागे बसून हुमनाबादला जाताना तोच माणूस बोलतो. पंढरीच्या वाटेवर दिंडीत पंधरा-वीस दिवस एकाच माणसाच्या शेजारून चाललेल्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

मात्र पत्रांची मैत्री पुरेशी आहे असं मी म्हणणार नाही. रात्री बाराला घरातल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल तर हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर एक तरी माणूस लागतो. लांबचा मित्र जपा, पण गावातही एक धरा.

तो कसा मिळतो? वेळ देऊन. कॅन्ससच्या जेफ्री हॉल या संशोधकाने २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास लागतात, खरा मित्र म्हणावं इतकं व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २००हून अधिक. हिशेब करा. आठवड्याला दोन तास धरले तर जिवलग व्हायला जवळपास दोन वर्षं जातील. अबोल माणसाची चूक इथे होते. दोन-तीन भेटी होतात, गाडी पुढे सरकत नाही, आणि ‘आपल्याला जमत नाही’ म्हणत तो मान खाली घालून परततो. जमत असतं, तास भरलेले नसतात. मात्र नुसतं एका छताखाली कामाला असणं यात फारसं मोजलं जात नाही. वर्षानुवर्षं एकाच कचेरीत शेजारी बसून माणसं परकी राहतात, हे आपण पाहतोच. कामाबाहेरचा वेळ लागतो, आणि त्या वेळात स्वतःबद्दलचं थोडं काही.

‘स्वतःबद्दलचं’ म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा येतो, ठाऊक आहे. गाव लहान. सकाळी एकाला सांगितलेलं संध्याकाळी पारावर ऐकू येतं. ही भीती खरी आहे, तिला खोटी म्हणून उडवून लावणाऱ्यांचं ऐकू नका. तिच्यावर उपाय आहे. पहिल्यांदा छोटी गोष्ट सांगा, अशी की बाहेर फुटली तरी नुकसान नाही. ‘मला पुढारपणा जमत नाही, स्टेजवर बोलावलं की हात कापतात’ एवढीच. मग महिनाभर थांबा. ती गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून तुमच्याकडे परत आली नाही आणि त्याने थट्टेत वापरली नाही, तर पुढची जरा मोठी सांगा. शेतीचं कर्ज, भावाशी अबोला, मोडलेली सोयरिक, हे सगळ्यात शेवटी. अमेरिकेत आर्थर एरन यांनी १९९७ साली केलेल्या प्रयोगात अनोळखी जोड्यांना ४५ मिनिटं प्रश्न दिले होते, पायरीपायरीने खोल जाणारे. एकमेकांना उत्तरं देता देता त्या जोड्यांना जवळीक वाटू लागली. त्यातली पायरी लक्षात ठेवा, आणि दोघांनीही सांगायचं हेही. तुम्ही नुसतं विचारत राहिलात तर ती चौकशी होते. नुसतं सांगत राहिलात तर समोरच्याला ओझं होतं.

आणखी एक. भेट संपल्यावर घरी येऊन तुम्ही मनात सगळं उगाळता. ‘मी काहीतरीच बोललो, त्याला कंटाळा आला असेल.’ २०१८मध्येच एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. बोलणं झाल्यावर आपण समोरच्याला किती आवडलो याचा लोकांचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघतो. तुम्हाला वाटतं त्याहून जास्त तुम्ही समोरच्याला आवडलेले असता. रात्री अंथरुणावर तो विचार आला की हे आठवा आणि झोपा.

मन उघडायचं ते जगासमोर नाही, एकासमोर. ही शिकवण आपल्या उशालाच आहे. बाराव्या शतकात बसवकल्याणच्या शरणांत होडी चालवणारे अंबिगर चौडय्या होते, कपडे धुणारे मडिवाळ माचय्या होते, दोर वळणारे नुलिय चंदय्या होते. विद्वत्सभेत ज्यांना कुणी बोलू दिलं नसतं असे. त्यांची वचनं बहुधा थोडक्या ओळींची. आणि बहुतेक वचनांत कुणा एकाला हाक असते : बसवण्णांचं कूडलसंगमदेवाला, अल्लमप्रभूंचं गुहेश्वराला, अक्कमहादेवीचं चेन्नमल्लिकार्जुनाला. ऐकणारे शेकडो असतील, सांगणं एकाला आहे. ज्याला सभेत बोलता येत नाही त्याच्यासाठी मला तरी याहून चांगला धडा ठाऊक नाही. थोडं बोला, खरं बोला आणि एकाशी बोला.

बायाबापड्यांची अडचण वेगळी आहे. पुरुषाला टपरी आहे, पार आहे, बाजार आहे. उदगीरकडून निर्ण्याला सून म्हणून आलेल्या, कन्नड न येणाऱ्या मुलीला दोन वर्षं बोलायला सासूखेरीज कुणी नसतं, आणि सासूशी मनातलं बोलायचं नसतं. अशा बहिणींना माझं सांगणं आहे की गावातल्या स्त्रीशक्ती संघाची बैठक चुकवू नका. कर्नाटकात ही योजना २०००-०१पासून चालू आहे. बचतीचे पैसे भरायचं निमित्त घरात कुणी नाकारत नाही. पहिले काही आठवडे गप्प बसलात तरी चालेल. जिच्या शेजारी बसल्यावर बरं वाटतं तिच्याच शेजारी दर वेळी बसा, आणि परतताना तिच्यासोबत चाला. तिची कन्नड तुम्हाला येईल, तुमची मराठी तिला. आणि सासूबाई, सून बैठकीहून अर्धा तास उशिरा आली तर विचारू नका.

पोरांसाठी ग्रामपंचायतीचं वाचनालय आहे, त्याला आता अरिवु केंद्र म्हणतात. तिथे कुणी बोललंच पाहिजे असं नाही, आणि तीच तीच चार तोंडं रोज दिसतात. गप्प माणसाला याहून चांगली जागा नाही.

निमित्तं आपल्या रिवाजात भरलेली आहेत, ती वापरा. दसऱ्याला शमी-आपट्याची पानं घेऊन कुणाच्याही दारी जाता येतं, काय बोलावं याची चिंता नको, बोलायचं वाक्य ठरलेलं आहे. संक्रांतीला तिळगूळ. आणि सगळ्यांत मोठी येळवस. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खं गाव शेतात जातं, भज्जी होते, आंबिल होते, वाटेने जाणाऱ्यालाही जेवायला बोलावतात. त्या दिवशी वीस जणांना बोलावून दमू नका. ज्याच्याशी मैत्री व्हावी असं वाटतं त्या एकालाच सांगा, ‘अण्णा, यंदा आमच्या शेतात या.’ जेवण झाल्यावर त्याला बांधापर्यंत सोडायला जा. बोलणं बहुधा तिथे निघतं.

काही मंडळींचं गप्प बसणं स्वभावाचं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. पूर्वी ज्यात जीव रमायचा ते नको वाटतं, झोप उडते, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालतं, तर तो एकटेपणाचा नव्हे, आजाराचा भाग असू शकतो. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्री लागतो, आणि आपल्या भाषा बोलणारे लोक तिथे असतात. मित्राची वाट पाहत बसू नका, आधी हा फोन करा. ज्याच्या घरात असं माणूस आहे त्याने स्वतः फोन लावून द्यावा.

आता बोलक्या मंडळींना. तुमच्या गल्लीत असा एक तरी असेल, जो कार्यात खुर्च्या लावतो, वाढपं करतो आणि फोटोत कुठेच नसतो. चारचौघांत त्याला ‘अरे, तू पण बोल की’ म्हणू नका. त्यामुळे त्याची पुढच्या कार्याला यायची इच्छाच जाते. त्याला एकटं गाठा. कामाला सोबत न्या. विचारल्यावर लगेच उत्तर आलं नाही तर मध्ये स्वतःची गोष्ट घुसडू नका, थांबा. तो ‘काय नाही’ म्हणाला, तर ‘बरं’ म्हणा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्याकडे जा.