सुशेगादची बदनामी

सलग सुट्या आल्या की मुंबई-पुण्याच्या गाड्या गोव्याकडे सुटतात आणि पाठोपाठ फोटो येऊ लागतात. किनारा, आरामखुर्ची, हातात ग्लास आणि खाली एकच शब्द : सुशेगाद. टी-शर्टांवरही तोच. आपण त्याचा अर्थ ऐदीपणा असा लावून टाकला आहे आणि ‘गोंयकार म्हणजे आळशी’ हा शेरा त्याच्याच आधारावर मारतो.

मूळ शब्द पोर्तुगीज, ‘सोसेगादु’. म्हणजे शांत, स्वस्थ. खवळलेला नसलेला समुद्रही सोसेगादु. १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षं गोव्यात पोर्तुगीज राहिले. त्या काळात हा शब्द कोकणीत रुळला आणि त्याचं सुशेगाद झालं. ‘सुशेगाद जेव’ म्हणणारी आई लेकराला लोळायला सांगत नसते. घाई करू नको, पोटभर जेव, एवढंच तिचं म्हणणं. आळशाला कोकणीतही आळशीच म्हणतात.

आता हे ‘आळशी’ लोक पाहा. गाव झोपेत असताना पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी पेटलेली असते आणि उजाडताच त्याच्या सायकलीचा भोंगा दारात वाजतो. माडाची सूर काढणारा रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो. मासेमारीच्या रापणीचं जाळं ओढायला अख्खा वाडा लागतो. अशी पहाटेपासून राबणारी माणसं दमट उन्हात जेवून घटकाभर आडवी झाली, तर बिघडलं कुठे? दुपारी बंद झालेलं दुकान संध्याकाळी उघडतंच की.

आणि हे आपण बोलावं? ‘१ ते ४ बंद’ या पाटीवरून पुण्यात किती विनोद झाले. पण त्या झोपेला आपण वामकुक्षी म्हणतो आणि वर आयुर्वेदाचा दाखला देतो. पुणेकर डाव्या कुशीवर झाला की ते शास्त्र, गोंयकार झाला की तो आळस! पर्यटकाला चोवीस तास हजर असणारा गोवा हवा असतो; तसा मिळाला नाही की तो चिडतो. आळसाचा शेरा बऱ्याचदा या चिडीतून येतो.

तेव्हा पुढच्या खेपेला दुपारी गोव्यात दुकान बंद दिसलं, तर शटर बडवू नका. जेवा, थोडं पडा आणि चारनंतर या.