आवाज न करणाऱ्या गोष्टी

गेल्या दिवाळीत याच पानावर ‘आता आम्हा दोघांना मोठी गाडी कशाला हवी?’ असं मी ठासून लिहिलं होतं. वाचकहो, ते विधान मागे घेतो. जूनमध्ये मुलगी, जावई आणि तीन नातवंडं जवळ राहायला आली आणि मुलांना शाळेतून आणायचं काम आमच्याकडे आलं. तीन कार सीट बसवायच्या, म्हणून नऊ वर्षं जुनी, ९६,००० मैल धावलेली मिनीव्हॅन घेतली.

यंत्रांची विश्वासार्हता हाच माझा शिकवण्याचा विषय. फळ्यावर बाथटबच्या आकाराचा आलेख काढायचो : यंत्र नवं असताना बिघाड जास्त, मग बरीच वर्षं कमी, आणि झीज सुरू झाली की पुन्हा जास्त. पण स्वतः गाडी घेताना चकचकीत रंग पाहिला, विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला भुललो. काचेवर ‘ॲज इज’, म्हणजे हमी नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असूनही सही केली. लोकांना ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तिसऱ्याच दिवशी गाडीखालून खडखड सुरू झाली. माझी झोप उडाली. डोळे मिटले की टर्नपाइकच्या मधल्या लेनमध्ये बंद पडलेली गाडी आणि मागे बसलेली तीन मुलं दिसायची. शेवटी ही म्हणाली, “काळजी करून गाडी दुरुस्त होत नसते. मेकॅनिककडे न्या.”

खडखडत होता एक्झॉस्टवरचा सैल पत्रा. एका क्लॅम्पनं गप्प बसला. मग मेकॅनिकनं विचारलं, “टायमिंग बेल्ट कधी बदललाय?” कागदांत कुठेच नोंद नव्हती. हा दातेरी रबरी पट्टा इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची लय जुळवून ठेवतो. मैलांनी झिजतो, तसा वयानंही चिरतो. तुटण्याआधी बहुधा कसलीही सूचना देत नाही. आमच्या गाडीसारख्या इंजिनात तो तुटला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन निकामी होऊ शकतं. बेल्ट आणि सोबत वॉटर पंप बदलला. खिसा हलका झाला, पण झोप परत आली.

जुनी गाडी घेणार असाल, तर माझी चूक करू नका. सही करण्याआधी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला गाडी दाखवा. तिचा सतरा अक्षर-आकड्यांचा व्हिन एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल राहिलाय का ते बघा. पैसे पडत नाहीत. इंजिनाला बेल्ट आहे की चेन, हे विचारा. बेल्ट असेल तर बदलल्याची पावती मागा. पावती नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा.

परवा कुरकुरणारा गुडघा घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. गुडघा पाहून झाल्यावर त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, “रक्तदाब शेवटचा कधी तपासलात? दोन वर्षांत नोंदच दिसत नाही.”

मी मुकाट्यानं बाही वर केली.