डोहात विचारून उतरावे

पहिला पाऊस झाला की आपल्या महाविद्यालयात अभ्यासापेक्षा सहलींची चर्चा अधिक रंगते. धबधबा कोणता, मोटारसायकल कोणाची, डबे कोणी आणायचे, सारे ठरते. मात्र धबधब्याखालच्या डोहात उतरायचे की नाही, आणि उतरायचे तर कसे, हे कोणीच ठरवीत नाही. ते तेथे गेल्यावर आपोआप ठरते.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते पोहत नव्हते. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभे होते. पाणी बघताबघता वाढले आणि काठावरच्या माणसांना काही करता आले नाही. त्यानंतर पुणे जिल्ह्यात धबधब्यांवर मनाईचे आदेश निघाले. गोव्यातही २०२३ च्या जुलैत अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घालण्यात आली होती.

पावसाळ्यातल्या अशा मनाईला माझा विरोध नाही. परंतु मनाईची पाटी माणसाला पाण्याबाहेर ठेवते. पाणी कसे वागते हे सांगत नाही. म्हणूनच पोलीस नसला की पाटीही नसल्यासारखीच होते.

आपल्या खेड्यांतून याहून जुनी एक पाटी आहे. खोल डोहाच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड दिसतात. त्या साती आसरा. त्या माणसाला पाण्यात ओढतात, असे जुनी माणसे सांगतात. आपण शिकलेली मुले त्यावर हसतो. आसरा आहेत की नाहीत या वादात मी पडत नाही. पण ते दगड जेथे मांडलेले असतात, तेथे पूर्वी कोणाचा तरी घात झालेला असावा, असा माझा तर्क आहे. गावाने तो अनुभव आपल्या भाषेत जपून ठेवला. आपण श्रद्धा टाकली ते एक वेळ ठीक. तिच्याबरोबर माहितीही टाकली, हे मात्र वाईट झाले.

‘ओढतात’ म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर पारनेर तालुक्यात निघोजला जावे. तेथे कुकडी नदीच्या पात्रात काळ्या कातळात प्रचंड रांजणखळगे पडले आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षे गरगरत राहिले आणि त्यांनी कातळ कोरून काढला. जे पाणी दगडाकडून कातळ कोरून घेते, त्याच्यापुढे आपल्या हातापायांचा काय पाड? धबधब्याच्या पायथ्याशी आणखी एक फसवणूक असते. तेथले पांढरेशुभ्र, फेसाळ पाणी हवेने भरलेले असते. ते अंगाला नेहमीसारखे उचलून धरीत नाही. शिवाय वरून कोसळलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा धारेकडे वळते आणि पोहणाऱ्यालाही तिकडेच नेते. पट्टीचा पोहणाराही तेथे गटांगळ्या खातो, तो यामुळेच. आणि सह्याद्रीचे ओढे आखूड, उतार उभे. माथ्यावर सर कोसळली की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा वाहू लागला, की कपडेसुद्धा न उचलता काठ गाठावा.

मग डोहात पोहूच नये काय? माझे उत्तर आहे, जरूर पोहावे; पण पाऊस सरल्यावर. मार्गशीर्ष-पौषात धबधब्याची धार करंगळीएवढी होते, डोह निवळतो, तळाचे गोटे मोजता येतात. त्या थंडगार पाण्यात पाठीवर पडून वरच्या कड्याकडे पाहण्याचे सुख शहरातल्या तलावात नाही. तेव्हाही आधी गावातल्या माणसाला विचारावे, धारेपासून दूर राहावे, न पाहिलेल्या पाण्यात सूर मारू नये आणि एकाने तरी दोर घेऊन काठावर बसावे. आणि गावाने ‘येथे नको’ म्हटले तर वाद न घालता परत फिरावे. महाडजवळच्या वाळण कोंडीतले मासे गावाने देवीचे म्हणून राखले आहेत; असे डोह पाहण्यासाठी असतात, डुंबण्यासाठी नव्हेत.

शेवटचा मुद्दा माझ्या मैत्रिणींसाठी आहे. मी गावच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकले. वडिलांनी मला पाण्यात ढकलले तेव्हा काठावरच्या बायकांनी नावे ठेवली होती. आजही सहलीत मुले पाण्यात आणि मुली काठावर, कपडे सांभाळीत, असेच चित्र दिसते. गंमत अशी की पाण्याच्या त्या सातही देवता बायकाच! आणि जिला पोहता येत नाही, तिचाच पाय निसरड्या कातळावरून सटकला तर तिने काय करावे?

आपले महाविद्यालय सहलीपूर्वी पालकांचे संमतिपत्र मागते. ते मागावेच. त्याचबरोबर शारीरिक शिक्षण विभागाने जवळच्या तलावात मुलामुलींना निदान तरंगायला आणि दोर फेकायला शिकवावे, आणि भूगोलाच्या प्राध्यापकांनी सहलीआधी एक तास ओढ्या-डोहांवर घ्यावा. संमतिपत्राने जबाबदारी कोणाची ते ठरते. त्याने कोणी तरंगत नाही.