धर्म आणि व्यवहार : शेजारच्या घरातील नाग



आपल्या कोकणात अंगणात साप निघाला की आळी गोळा होते. जर्मनीत मात्र हजारो कुटुंबांत साप हौसेने पाळला जातो. काचेच्या पेटीत विजेच्या दिव्याची ऊब, पाण्याचे भांडे आणि ठरल्या दिवशी एखादा उंदीर, एवढ्यावर तो वर्षानुवर्षे जगतो. हाम या शहरी सरपटणाऱ्या प्राण्यांचा जगातील एक फार मोठा बाजार वर्षातून अनेकदा भरतो. बहुतेक पाळीव साप बिनविषारी असतात. त्यांविषयी तक्रारीचे कारण नाही. प्रश्न उभा राहतो तो विषारी जातींचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये हेर्ने या गावी एका इमारतीच्या जिन्यात नाग दिसला. आपल्या नागाच्या फणीवर दहाचा आकडा असतो. या जातीच्या फणीवर एकच वर्तुळ असते. विष तितकेच प्राणघातक. चार घरे रिकामी करण्यात आली व सुमारे तीस रहिवासी परागंदा झाले. पाच दिवसांनी नाग सापडला. तेथील एका रहिवाशाकडे आणखी वीस विषारी साप निघाले, आणि आश्चर्य असे की त्या प्रांतात ते बाळगण्यास कायद्याने मनाई नव्हती! जर्मनीत या विषयाचे नियम प्रांतागणिक निराळे आहेत. हेर्नेच्या प्रांतात १ जानेवारी २०२१ पासून विषारी साप नव्याने पाळण्यास बंदी आली. ज्यांच्याकडे ते आधीपासून होते, त्यांना नोंदणी व नुकसानभरपाईचा विमा सक्तीचा झाला.

हा कायदा वाचताना आपल्या शास्त्राची आठवण होते. मिश्नाच्या बाबा कामा या भागात हिंस्र प्राण्यांची यादी आहे : लांडगा, सिंह, अस्वल, बिबळ्या इत्यादी. त्यांच्या धन्यास आधीच इशारा मिळालेला आहे असे धरावे व त्याने पूर्ण भरपाई द्यावी, असा नियम. रब्बी एलिएझर म्हणतात की माणसाळलेल्या प्राण्यास ही सक्ती नको. परंतु सापाला तेही सवलत देत नाहीत. तो कितीही वर्षे घरात राहो, धन्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय नाही.

तोरा आणखी एक पाऊल पुढे जाते. नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, म्हणजे कोणी पडून तुझ्या घरावर रक्तदोष येणार नाही, अशी अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आज्ञा आहे. याच आज्ञेवरून रब्बी नाथान यांनी असे ठरविले की चावरा कुत्रा पाळू नये व मोडकी शिडीही घरात ठेवू नये. अपघातानंतरची भरपाई हा न्याय झाला. अपघातापूर्वीचा कठडा हा धर्म होय. विम्याच्या पैशाने शेजाऱ्याचा जीव परत येत नाही.

मुक्या जीवाचाही विचार केला पाहिजे. २०१० साली म्युल्हाइम येथे अशाच जातीचे एक पिलू निसटले. त्याच्या शोधासाठी घर अक्षरशः उचकटले गेले. अखेर ते चिकटपट्टीला अडकून मेलेले आढळले. त्या पिलाचा काय अपराध? म्युनिक येथे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी खास आश्रयस्थान चालवावे लागते, कारण पुष्कळांची हौस प्राण्याच्या आयुष्याआधीच संपते. अजगर वीस-तीस वर्षे जगतो, हे विकत घेताना कोण ध्यानात घेतो? आपल्या ऋषितुल्य रब्बींनी मात्र सांगून ठेवले आहे की आधी जनावरास चारा, मग आपले जेवण.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये येथील साप पकडून पाळता येत नाहीत, म्हणून हा विषय आपल्याला दूरचा वाटेल. तसा तो नाही. गॅलरीच्या काठावर ठेवलेली कुंडी, जिन्यातील उघडी वीजतार, मोकळा सोडलेला कुत्रा, यांपैकी काही आपल्या दारी असेल तर इशारा आपल्यालाही मिळालेला आहे. येत्या शब्बाथपूर्वी प्रत्येकाने आपल्या घराचा कठडा एकवार तपासून पाहावा, ही विनंती.