गादी बुटाची, हाडे ज्याची त्याची

बूट जितका मऊ तितका पाय सुरक्षित, हा आपल्या मैदानावरचा सध्याचा वेदमंत्र झाला आहे. दुकानदार तो म्हणतात, वरच्या वर्गातले धावपटू म्हणतात आणि नवशिकेही डोळे मिटून म्हणू लागतात. हा प्रश्न केवळ हौसेचा असता तर मी लेखणी उचलली नसती. पण पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्या तयारीसाठी मजुरीच्या पैशातून जाड तळाचे महागडे बूट घेतले जातात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे "ताई, तू शिकलेली, कोणता बूट घेऊ?" असे भावंडे मलाच विचारतात. 'सर्वांत मऊ तो घे' हे उत्तर सोपे आहे, पण ते सर्वांसाठी खरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट जोर पायावर येतो. बुटातला फोम दबतो आणि हा धक्का थोडा लांबवतो, हे खरेच आहे. परंतु शरीर म्हणजे वरून टाकलेले धान्याचे पोते नव्हे. खालची जमीन मऊ आहे असे जाणवताच पाय आपोआप अधिक ताठ होतो. २०१८ साली फिनलंडच्या संशोधकांनी अतिजाड गादीचे बूट नेहमीच्या बुटांशी ताडून पाहिले, तेव्हा जाड बुटांतच धक्का अधिक आढळला. वेग वाढल्यावर तर हा फरक ठळक झाला.

मग कडक बूट बरे का? तसेही नाही. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना मऊ किंवा कडक तळाचे बूट देऊन सहा महिने त्यांच्या दुखापतींची नोंद ठेवली गेली. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. कडक बूटवाल्यांना दुखापती अधिक झाल्या. पण खरी गंमत पुढेच आहे. मऊ बुटांचा हा फायदा वजनाने हलक्या धावपटूंत स्पष्ट दिसला, जड धावपटूंत तसा दिसला नाही. आपण मात्र आजवर अंगाने जड असलेल्या मित्रालाच 'तुला जाड गादी हवी' असे सांगत आलो!

या वादात काही जण अनवाणी पायांचा झेंडा घेऊन उभे राहतात. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला, हा त्यांचा हुकमी दाखला. पण तोच बिकिला १९६४ साली टोकियोत बूट घालून जिंकला आणि तीन मिनिटे कमी वेळात धावला, हे सांगायला ते विसरतात. अनवाणी धावण्याची सवय असलेले पुष्कळ लोक टाचेऐवजी चवड्यावर उतरतात, त्यामुळे टाचेचा तो तीव्र धक्का टळतो. मात्र तो भार पोटरीवर आणि टाचेमागच्या कंडरेवर जातो. जन्मभर ती सवय असलेल्याला तो पेलतो. काल बूट फेकून आज डांबरी रस्त्यावर धावणाऱ्याला तो पेलेलच असे नाही.

सांगायचे तात्पर्य, वजन, वेग, पाऊल टाकण्याची ढब आणि सवय ही प्रत्येकाची निराळी असते. ती न पाहता केवळ किंमत पाहून घेतलेला बूट म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध. बूट पायात घालून थोडे धावून पाहावे. जो बोचत नाही, घोटा डगमगवत नाही, तो आपला. नवा बूट आला म्हणून एका आठवड्यात अंतर दुप्पट करू नये.

आपल्या जिमखान्याकडेही माझे एक मागणे आहे. सर्वांसाठी एकाच जातीचे बूट घाऊक आणण्यापेक्षा दोन-तीन प्रकारच्या तळांचे काही जोड ठेवावेत. विद्यार्थ्यांनी ते घालून धावावे आणि क्रीडाशिक्षकांनी त्यांचे पाऊल कसे पडते ते पाहावे. खर्च फार नाही. मात्र त्यामुळे एखाद्या घरचे कष्टाचे पैसे वाचतील आणि एखाद्या मुलीची नडगी भरतीच्या ऐन तोंडावर दुखावणार नाही. ज्ञान घेण्यासाठी आपण येथे आलो आहोत. ते पायापर्यंत पोहोचायला काय हरकत आहे?