शर्यतीचं मैदान आणि पाण्याची वाट



आपल्याकडे दिवाळी आली की छत्र्या माळ्यावर जातात. चेन्नईत मात्र तेव्हाच छत्र्या बाहेर निघतात. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्या दिवसांत गिंडी आणि शेजारच्या वेळचेरीत घरोघरी एकच चौकशी असते, "तुमच्याकडे पाणी शिरलं का?" आज आपण या गिंडीतल्या एका मैदानाबद्दल बोलू. मैदान तिकडचं असलं तरी त्याची गोष्ट तुमच्या-माझ्या गावालाही लागू पडते.

गिंडी म्हणजे चेन्नईच्या दक्षिण भागातली गजबजलेली वस्ती. मेट्रो, कारखाने, कार्यालयं सगळं इथे आहे. आणि याच गर्दीत एक राष्ट्रीय उद्यानही आहे! जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचं हे जंगल १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झालं. काळवीट आणि चितळ तिथे आजही चरताना दिसतात. एकेकाळी हे रान पुष्कळ मोठं होतं. त्यातूनच आयआयटी मद्रासला जागा मिळाली आणि नेत्यांची स्मारकंही तिथेच उभी राहिली. प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं, पण रान मात्र थोडं थोडं कमी होत गेलं.

याच गिंडीत घोड्यांच्या शर्यतीचं जुनं मैदान आहे. १९४५च्या करारानं सरकारची सुमारे १६० एकर जमीन ९९ वर्षांसाठी मद्रास रेस क्लबला मिळाली. भाडं होतं वर्षाला ६१४ रुपये १३ आणे. पुढे सरकारनं भाडं वाढवलं, क्लबनं ते मान्य केलं नाही आणि थकबाकीचा आकडा ७३० कोटींवर गेला. अखेर सप्टेंबर २०२४मध्ये सरकारनं करार रद्द करून जमीन ताब्यात घेतली. त्यातली ११८ एकर जागा उद्यान विभागाकडे देऊन तिथे पर्यावरण उद्यान करायचं ठरलं. महापालिकेनं तळी खोदायचं काम हाती घेतलं. क्लब न्यायालयात गेला आणि तो वाद पुढेही चालू राहिला.

जमीन कोणाची, हे न्यायालय ठरवील. आपण विचार करायचा तो पावसाचा. हे मैदान पावसासाठी काय करतं?

एक साधं गणित करून पाहू. मुलांनाही सोबत घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. मग ११८ एकरांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होईल? जवळजवळ पावणेपाच कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर पावणेपाच हजार टँकर! चेन्नईच्या पावसात एका दिवसात १०० मिलिमीटर ही काही नवलाची गोष्ट नाही.

माती आणि तळी असली तर यातलं बरंच पाणी तिथेच थांबतं, मुरतं. त्याच जागेवर फरशी आणि काँक्रीट घातलं, तर ते सगळं उताराकडे धावतं. गिंडीचा उतार वेळचेरीकडे आहे आणि तिथून पाण्याला पल्लिकरणैच्या पाणथळीत जायचं असतं. ही पाणथळ २०२२ साली रामसर यादीत आली, पण तोवर तिचे लचके तोडून झाले होते. डिसेंबर २०१५च्या पुरात आणि डिसेंबर २०२३च्या मिचाँग वादळात याच भागातली घरं पाण्यात गेली. म्हणूनच या मैदानात पाणी साठवता येईल का, हे पाहण्याची सूचना राष्ट्रीय हरित लवादानंही केली.

आणि पूर येणारं हेच शहर २०१९च्या उन्हाळ्यात कोरडं पडलं होतं. जोलारपेट्टैहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. हे वाचून लातूरकरांना २०१६ची मिरजेहून आलेली पाण्याची गाडी नक्की आठवेल. पावसाळ्यात ज्या पाण्याला आपण हाकलून देतो, उन्हाळ्यात त्याचीच वाट बघत बसतो.

मुंबईतही असाच विषय चालू आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा २०२४मध्ये महापालिकेकडे आली. सागरी किनारा मार्गालगतची मोकळी जागा जोडून तिथे मोठं उद्यान व्हायचं आहे. उद्यान होणार म्हटल्यावर आपल्याला आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण 'उद्यान' हा शब्द फसवाही असतो. खाली वाहनतळ, वर फरसबंद वाट, मधे कारंजं आणि कडेला कुंड्या, यालाही उद्यानच म्हणतात. कागदावर ते हिरवं दिसतं. पावसाला मात्र ती गच्चीच वाटते.

म्हणून वाचकहो, तुमच्या नगरपरिषदेनं उद्यान, तळ्याचं सुशोभीकरण किंवा नवा विकास आराखडा जाहीर केला, तर चित्र पाहून खूश होण्याआधी तीन गोष्टी विचारा. यातली किती जागा उघडी मातीची राहणार? इथे आत्ता साचणारं पाणी उद्या कुठे जाणार? आणि तळ्याला पाणी आणणारा ओढा मोकळा राहणार की बुजवणार? काठावर दिवे लावले आणि ओढा बुजवला, तर चार वर्षांत तळ्याचा खड्डा होतो.

हे विचारायला इंजिनीअर असावं लागत नाही. महाराष्ट्रात १९६६च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवून हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. साध्या कागदावर, आपल्या भाषेत, मुदतीच्या आत अर्ज द्या आणि पोच घ्या. घरातल्या आजी-आजोबांनाही विचारा, पूर्वी पाणी कुठून वाहायचं? नकाशात नसलेला ओढा त्यांच्या आठवणीत हमखास सापडतो.

गिंडीच्या त्या मैदानात इतकी वर्षं कोणता घोडा पहिला येतो याकडेच सगळ्यांचे डोळे होते. आता तिथल्या शेजाऱ्यांना एवढंच हवं आहे, की पाणी जरा सावकाश यावं.

तुमच्या गावातलं असं मैदान, तळं किंवा ओढा कोणता? आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या वेळी.