माशा मारण्याचा उद्योग

निरुद्योगी माणसाची अब्रू घालविण्यास आमच्या भाषेत एकच वाक्य पुरते. तो ‘माशा मारीत बसला आहे’ म्हटले की संपले! गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती हा वाक्प्रयोग पुन्हा कानांवर पडला. जालन्याच्या जे. ई. एस. महाविद्यालयात माशांच्या शरीरातील घड्याळावर झालेल्या संशोधनाचा विषय कोणीतरी काढला होता. आमचे एक वडीलधारे नातलग चकलीचा तुकडा मोडीत म्हणाले, “मराठवाड्यात प्यायला पाणी नाही आणि हे माशांना किती वाजले ते बघताहेत!” सगळे हसले. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. आजचा लेख म्हणजे त्या हसण्याचे प्रायश्चित्त समजावे.

प्रथम माशी कोणती ते सांगितले पाहिजे. आंब्याला डंख मारून बागायतदाराला रडविणारी फळमाशी ती ही नव्हे. केळी जरा जास्त पिकली, मोसंबीचा ढीग सुटू लागला, की कुठून तरी येऊन घोंघावणारी जी चिलटे, त्यांच्यातली ही. शास्त्रातले नाव ड्रोसोफिला, म्हणजे दव आवडणारी. नाव मोठे समर्पक आहे, कारण कोशातून बाहेर पडण्यास ती बहुधा पहाटेचीच वेळ निवडते. त्या वेळी हवेत ओलावा असतो आणि कोवळे पंख उलगडण्यापूर्वी सुकून जात नाहीत. आता कोणी म्हणेल, पहाट उजाडली ते तिला दिसत असेल, त्यात नवल काय? नवल असे, की तिला सतत अंधारात, एकसारख्या उष्णतेत ठेवली तरी ती आपली वेळ सोडीत नाही. सूर्य बाहेर राहिला, तरी घड्याळ तिच्या आत चालूच असते.

हे घड्याळ प्रथम उघडून पाहिले ते अमेरिकेत. 1971 साली रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी तीन बिघडलेल्या माशांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीचा दिवस 19 तासांचा, दुसरीचा 28 तासांचा आणि तिसरीला दिवसच नाही. ती वाटेल तेव्हा झोपते, वाटेल तेव्हा उठते. तिन्ही बिघाड एकाच जनुकात निघाले. स्वभाव, सवय, वागणूक म्हणून आपण ज्याला म्हणतो, ते एका जनुकात असू शकेल, यावर त्या काळच्या भल्याभल्यांचा विश्वास बसेना. पुढे 1984 साली हे जनुक हाती लागले आणि 2017 साली जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. कोनोप्का 2015 मध्येच वारले होते. ज्याने पहिले दार उघडले त्याला बिचाऱ्याला विद्यापीठात कायमची जागाही मिळाली नव्हती. माशा मारणाऱ्यांची कदर तिकडेही फारशी होत नाही, असे दिसते.

घड्याळाची रचना आमच्या वाचकांना समजण्यास अवघड जाऊ नये. लग्नात मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घटिकापात्र लावीत. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती हळूहळू भरते, बुडते, मग ती रिकामी करून पुन्हा सोडायची. पेशीतही असेच काहीसे चालते. हे जनुक एक प्रथिन तयार करविते. ते साठत साठत रात्री पेशीच्या केंद्रात शिरते आणि आपल्याच जनुकाचे काम बंद पाडते. मग ते प्रथिन झिजून नाहीसे होते, जनुक पुन्हा मोकळे होते, वाटी पुन्हा पाण्यावर. एका फेऱ्याला सुमारे 24 तास. सकाळचा उजेड हे घड्याळ रोज थोडे मागेपुढे करून सूर्याशी जुळवून देतो.

आता जालन्याकडे वळू. घड्याळ सापडले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. भारतासारख्या देशात, दक्षिणेच्या टोकापासून हिमालयापर्यंत, एकाच जातीच्या माशीचे घड्याळ सारखेच चालते काय? हा प्रश्न बोस्टनमध्ये बसून सुटत नाही. दिलीप जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जालन्यात हाती घेतला. ठिकठिकाणच्या ड्रोसोफिला अननासे या जातीच्या माशा त्यांनी तपासल्या. अक्षांशाप्रमाणे त्यांच्या हालचालीची लय बदलते, हे त्यांनी 1999 साली कॅनडाच्या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात मांडले. पुढचे काम तर फारच मौजेचे आहे. घड्याळाची चाल उष्णतेने फारशी बदलत नाही, हा या शास्त्रातला पाठ. पण हिमालयातल्या अतिउंचावरच्या माशांची कोशातून बाहेर पडण्याची लय उष्णतेवर अवलंबून असते, असे या मंडळींना 2002 साली दिसले. 2007 साली त्यांनी चार हजार मीटरांहून उंच असलेल्या हेमकुंड साहिबची माशी आणि सपाटीवरच्या फिरोजपूरची माशी यांच्या अंडी घालण्याच्या वेळा ताडून पाहिल्या. त्यांतही फरक निघाला. अशा प्रयोगांत तासा-दोन तासांनी, रात्री-अपरात्री, माशीला न दिसणाऱ्या तांबड्या दिव्यात कोणीतरी मोजदाद करावी लागते. माशीची झोप मोजणाऱ्याने स्वतःची झोप घालवायची, हा या धंद्यातला विनोद आहे.

यावर दोन बाजूंनी हल्ला होतो. एक आमच्या नातलगांचा: याचा उपयोग काय? दुसरा अधिक गोड बोलणाऱ्यांचा: यात नवे ते काय, आमच्या पूर्वजांनी ब्राह्ममुहूर्त सांगितलाच होता! या दुसऱ्या मंडळींचा आम्हांस अधिक राग येतो. ब्राह्ममुहूर्ताला उठावे, ही आज्ञा झाली. सगळ्यांना तसे उठता का येत नाही, या प्रश्नाला त्या आज्ञेत उत्तर नाही, आणि उत्तर शोधण्याची गरजही आपल्याला कधी वाटली नाही. न उठणाऱ्याला आपण आळशी ठरवून मोकळे झालो. 2001 साली अमेरिकेत एका कुटुंबाची तपासणी झाली. त्यातील कित्येक माणसांना संध्याकाळी साडेसातलाच झोप अनावर होई आणि पहाटे साडेचारला जाग येई. कारण निघाले माशीतल्या त्या जनुकाच्याच मानवी भावंडात, एका अक्षराच्या फरकाने! आमच्याकडे या कुटुंबाचा सत्कार झाला असता.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी करावे, याला आमची हरकत नाही. वर्षातून एक दिवस, तेलाउटण्याच्या वासासाठी, कोणीही उठेल. हरकत आहे ती उरलेल्या दिवसांना. वयात येणाऱ्या मुलांचे घड्याळ काही वर्षे मागे सरकते. त्यांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी लवकर जाग येत नाही, हे आता पक्के ठाऊक झाले आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये आदेश काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगले केले. पण ज्यांचे घड्याळ खरोखर उशिरा चालते त्या नववी-दहावीच्या मुलांना या आदेशाने वगळले. लहानग्यांची झोप आपल्याला गोड वाटते आणि थोरल्याची झोप उद्दामपणाची, एवढाच याचा अर्थ आम्हांस लागतो.

आणि पाण्याचा प्रश्न काढलाच आहे, तर तोही घेऊ. याच जिल्ह्यात शेतीच्या पंपांना वर्षानुवर्षे आठवड्याच्या पाळीने रात्रीची वीज मिळत आली. मध्यरात्री मोटार चालू करायला बॅटरी घेऊन बांधावर जाणारा शेतकरी एक आठवडा रात्री जागतो, दुसऱ्या आठवड्यात दिवसा. दिवसा वीज द्या, ही मागणी साप-विंचवाच्या भीतीने झाली आणि ती रास्तच होती. सौर वाहिन्यांची योजना 2017 मध्ये आली, तिचे काम अजून चालू आहे. पण त्या माणसाच्या शरीरातली वाटी दर आठवड्याला उलटी केली जाते, हे कोणी बोलले नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतल्या रात्रपाळीचीही तीच कथा. घड्याळ बिघडविणारे पाळीचे काम बहुधा कर्करोगाला कारण होत असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 मध्येच सांगून ठेवले आहे. हे कळण्याची वाट चिलटांवरून गेली आहे. मराठवाड्यात पाणी नाही म्हणून चिलटे मोजू नयेत म्हणणाऱ्यांनी, ते पाणी रात्री दोन वाजता कोण शेताला देतो, याचाही हिशेब करावा.

आमच्या नातलगांना हे सगळे आम्ही पत्राने कळविले. उत्तर आले नाही. यंदा ते पाडव्याला येणार आहेत आणि आल्याबरोबर, दरवर्षीप्रमाणे, आमच्या दहावीतल्या पुतण्याला सहाला उठवून ‘अजून लोळतोस का रे?’ म्हणून विचारणार आहेत. त्यांच्यासाठी आम्ही फळांच्या टोपलीत चार केळी मुद्दाम पिकत ठेवली आहेत.